टीव्हीचा आवाज फक्त कानापुरता

‘टीव्हीला चालणारे वायरलेस हेडफोन द्या’ असं दुकानात सांगितलं की दुकानदार लगेच एक खोका काढून देतो. घरी आल्यावर मात्र पुष्कळांची गत सारखीच होते. हेडफोनचा दिवा लुकलुकत राहतो, टीव्ही आपल्याच तोऱ्यात बोलत राहतो आणि दोघांची ओळख काही होत नाही. यात हेडफोनचा दोष क्वचितच असतो. एक तर त्या टीव्हीतून आवाज बाहेर न्यायला वाटच नसते, नाहीतर वाट असते पण सेटिंगमध्ये बंद असते, किंवा आवाज मुळात टीव्हीचा नसतोच. तो सेट-टॉप बॉक्समधून नाहीतर फायर स्टिकमधून आलेला असतो. म्हणून हेडफोनची खरेदी सगळ्यात शेवटी ठेवा. आधी टीव्हीची पाठ बघा.

टीव्ही भिंतीला घट्ट टांगलेला असला तरी तो उतरवायची गरज नाही. मोबाइलचा फ्लॅश लावून हात मागे घाला, पाचदहा सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि मग निवांत बसून थांबवत थांबवत बघा. तो व्हिडिओ मोबाइलमध्ये राहू द्या, दुकानात जाताना उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट खरेदीआधी ठरवायची असते, ती म्हणजे हेडफोन नेमके कशासाठी हवेत. मुलीची दहावी आहे आणि घरात दोनच खोल्या आहेत, किंवा मॅच रात्री साडेअकरापर्यंत लांबते आणि बाकीचे झोपलेले असतात, तर टीव्ही पूर्ण गप्प हवा आणि आवाज एकाच्या कानात हवा. पण आजींना आवाज पंचविसावर लागतो आणि बाकी घराला बारावर, ही अडचण वेगळी. तिथे हेडफोनही चालू हवा आणि टीव्हीचा स्पीकरही. पहिल्या कामाला टीव्हीतलं ब्लूटूथ झकास. दुसऱ्या कामात ते बऱ्याचदा दगा देतं, कारण हेडफोन जोडला की पुष्कळ टीव्ही स्वतःचा स्पीकर बंद करतात.

पाठीवर काय शोधायचं

चार गोष्टी. हेडफोनचं चित्र काढलेलं साडेतीन मिलिमीटरचं गोल भोक, पूर्वी बहुतेक मोबाइलना असायचं तेच. लाल-पांढऱ्या पिनांची जागा. एचडीएमआयच्या ओळीत ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असं लिहिलेलं एक छिद्र. आणि ‘ऑप्टिकल’ किंवा ‘डिजिटल ऑडिओ आउट’ लिहिलेलं, बोटाच्या नखाएवढं चौकोनी तोंड.

लाल-पांढऱ्या पिनांपाशी बहुतेकांची फसगत होते. शेजारी पिवळी पिन असेल तर ती जागा बहुधा आवाज आत घेण्यासाठी असते. जुना डीव्हीडी प्लेअर तिथे लावायचा असतो, त्यातून बाहेर काहीच येत नाही. तिथे ट्रान्समीटर (टीव्हीचा आवाज ब्लूटूथने हेडफोनकडे पाठवणारी डबी) लावून तासभर खटपट केली तरी शांतताच. ‘इन’ आणि ‘आउट’ एवढे दोन शब्द वाचायचे, बाकी रंगांवर जायचं नाही.

ऑप्टिकलचं तोंड नीट ओळखून घ्या, कारण जुन्या टीव्हीवाल्यांची भिस्त त्यावरच आहे. चौकोनाचे दोन कोपरे तासल्यासारखे असतात आणि तोंडावर बारीकशी झडप असते. काही टीव्हींत झडपेऐवजी प्लॅस्टिकचं बूच असतं, ते ओढून काढायचं. टीव्ही चालू असताना तिथून लाल उजेड दिसतो. आवाज तिथून विजेच्या नव्हे, प्रकाशाच्या रूपात बाहेर पडतो. तोशिबा कंपनीने १९८३ साली ही पद्धत आणली, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. या वाटेने वीज जातच नसल्यामुळे ट्रान्समीटरच्या स्वस्त चार्जरची घरघरही त्यात शिरत नाही.

ऑप्टिकल केबल नवी आणली की तिच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या इवल्याशा टोप्या असतात. त्या काढायच्या असतात. हे इतकं साधं आहे की कुणी सांगत नाही, आणि ‘केबल खराब निघाली’ म्हणून परत गेलेल्या कित्येक केबलींना त्या टोप्या तशाच असतात. टोपी काढा, एक टोक टीव्हीत घाला आणि दुसरं टोक तळहातासमोर धरा. हातावर लाल ठिपका पडला की केबलपर्यंत सगळं ठीक. टोक घालताना तासलेले कोपरे जुळवा आणि ‘टक्’ होईपर्यंत दाबा. केबल वायरसारखी करकचून दुमडू नका, आतला प्रकाशाचा धागा मोडतो.

टीव्हीत ब्लूटूथ असेल तर

रिमोटवर माइकचं बटण असेल तर टीव्हीत ब्लूटूथ असण्याची शक्यता दाट. पण तेवढ्यावर खूश होऊ नका. काही स्वस्त टीव्हींत ब्लूटूथ फक्त रिमोटपुरतं दिलेलं असतं, आवाज पाठवायची सोय नसते. खात्री करायची तर साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘साउंड आउटपुट’ उघडा आणि तिथे ब्लूटूथचं नाव आहे का बघा.

अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही असेल तर सेटिंग्जमध्ये ‘रिमोट्स अँड अॅक्सेसरीज’ शोधा आणि तिथून नवीन अॅक्सेसरी जोडा. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, साउंड, साउंड आउटपुट आणि मग ब्लूटूथ स्पीकर लिस्ट. एलजीमध्ये साउंड, साउंड आउट, ब्लूटूथ. मॉडेलप्रमाणे शब्द थोडे पुढेमागे होतात, पण जागा याच.

टीव्ही शोधायला लागला की हेडफोनने आपलं अस्तित्व जाहीर करावं लागतं, त्याला पेअरिंग मोड म्हणतात. हेडफोन नुसता चालू केला की तो पेअरिंगमध्ये जात नाही, आधीच्या ओळखीचं यंत्र शोधत बसतो. पट्टीच्या हेडफोनचं पॉवर बटण साधारण पाच-सात सेकंद, दिवा दोन रंगांत लुकलुकेपर्यंत, दाबून धरावं लागतं. नेकबँडचंही तसंच. कानात घालायच्या सुट्ट्या बड्सना मात्र डबीचं झाकण उघडं ठेवून डबीवरचं बटण दाबावं लागतं, बटण नसेल तर बड्सवरच बोट धरून ठेवावं लागतं. कंपनीच्या कागदावर हे एका ओळीत लिहिलेलं असतं. तो कागद फेकू नका.

इथे दहापैकी नऊ वेळा जो घोटाळा होतो तो घरातल्या मोबाइलमुळे. हेडफोन चालू होताक्षणी खिशातल्या फोनला जाऊन चिकटतो आणि टीव्ही बिचारा शोधत राहतो. टीव्हीशी जोडताना घरातल्या ज्या ज्या फोनला, लॅपटॉपला तो हेडफोन एकदा लावला आहे, त्या सगळ्यांचं ब्लूटूथ बंद करा. एकदा टीव्हीशी ओळख झाली की मग चालू करायला हरकत नाही. हेडफोनमध्ये एकाच वेळी दोन यंत्रांशी जोडून राहायची सोय असेल तर टीव्ही बघताना ती बंद ठेवलेली बरी. नाहीतर ऐन शेवटच्या षटकात व्हॉट्सअॅपची घंटी वाजते आणि समालोचन गायब होतं.

आवाज नक्की कुणाचा

टीव्हीला फायर स्टिक लावलेली आहे आणि सेट-टॉप बॉक्सही आहे, अशी घरं आता पुष्कळ. फायर स्टिकच्या सेटिंग्जमध्येही ब्लूटूथ हेडफोन जोडता येतात. ‘कंट्रोलर्स अँड ब्लूटूथ डिव्हायसेस’ किंवा नव्या रूपात ‘रिमोट्स अँड ब्लूटूथ डिव्हायसेस’ या नावाखाली ती सोय सापडते. जोडणी होते, सिनेमा छान ऐकू येतो. मग कुणीतरी बातम्यांचं चॅनल लावतं आणि हेडफोनमध्ये काहीच नाही. कारण हेडफोन स्टिकला जोडलेला आहे, टीव्हीला नाही. स्टिक फक्त स्वतःचा आवाज देते. बॉक्समधून आलेलं चॅनल तिला माहीतच नसतं.

टीव्हीलाच हेडफोन जोडला तर मात्र बॉक्स, स्टिक, पेन ड्राइव्ह, काहीही लावा, आवाज हेडफोनमध्येच येतो, कारण सगळं शेवटी टीव्हीतून जातं. म्हणून शक्य असेल तर टीव्हीला जोडा. ते जमत नसेल आणि घरी सगळं काही एकाच डब्यावर बघितलं जात असेल तर त्या डब्याला जोडा. एअरटेलचा एक्सस्ट्रीम किंवा टाटा प्लेचा बिंज प्लस असे अँड्रॉइडवर चालणारे बॉक्स असतील तर तेही ब्लूटूथ हेडफोन घेऊ शकतात, टीव्ही कितीही जुना असला तरी.

जुन्या टीव्हीच्या मालकांनी सेट-टॉप बॉक्सची पाठही बघावी. बऱ्याच बॉक्सना एचडीएमआयच्या शेजारी लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा किंवा त्याच कामाचं गोल भोक असतं, आणि ही जागा मात्र ‘आउट’ असते. चित्र आणि आवाज टीव्हीला एचडीएमआयने जात असतानाच पुष्कळ बॉक्स इथूनही आवाज सोडत राहतात. तिथे ट्रान्समीटर लावला की आजींचा प्रश्न सुटला. टीव्हीचा स्पीकर बारावर, आजींचा हेडफोन त्यांना हवा तेवढा. टीव्हीला हातही लावावा लागत नाही.

ट्रान्समीटर घेताना

टीव्हीत ब्लूटूथ नसेल तर बाहेरून एक ट्रान्समीटर लावायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मागाल तेवढे प्रकार मिळतात, ऑनलाइन तर विचारूच नका. पण ‘ब्लूटूथ डोंगल’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांतली एकच आपल्या कामाची.

पहिली असते गाडीसाठीची. ती मोबाइलकडून आवाज घेते आणि गाडीच्या स्पीकरला देते, म्हणजे ती रिसीव्हर आहे. आपल्याला उलटं हवंय. दुसरी असते संगणकाच्या यूएसबीत घालायची नखाएवढी काडी. ती टीव्हीच्या यूएसबीत घातली तर एखादा दिवा लागेल, त्यापलीकडे सामान्य टीव्ही तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. टीव्हीचं यूएसबी वीज देतं आणि पेन ड्राइव्ह वाचतं, आवाज तिथून बाहेर येत नाही. तिसरी वस्तू आपली, तिच्यावर ‘ट्रान्समीटर’ किंवा ‘टीएक्स’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. काहींवर ‘टीएक्स’ आणि ‘आरएक्स’ असा खटका असतो आणि कारखान्यातून तो बऱ्याचदा ‘आरएक्स’वर येतो. तो ‘टीएक्स’कडे सरकवल्याशिवाय पुढे काही होणार नाही.

खोक्यावर ‘ट्रान्समीटर’ वाचल्यावर दुसरं वाचायचं ते तोंड. टीव्हीला फक्त ऑप्टिकल असेल तर ट्रान्समीटरलाही ऑप्टिकलचं तोंड हवं. फक्त गोल पिन असलेला स्वस्त ट्रान्समीटर ऑप्टिकलला नुसत्या वायरने जुळत नाही, मध्ये डिजिटलचं अॅनालॉग करणारी आणखी एक डबी लागते. टीव्हीला फक्त एआरसी असेल तर एआरसीतून आवाज वेगळा काढणारी डबी मिळते. त्यासाठी टीव्हीच्या सेटिंगमधलं ‘सीईसी’, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी सोय, चालू ठेवावी लागते. हा शेवटचा उपाय समजा. वायरींचा गुंता वाढतो आणि कुठे अडलं ते शोधणं कठीण जातं.

ऑप्टिकल लावल्यावर हेडफोनमध्ये आवाजच नाही, किंवा नुसती खरखर, अशी तक्रार आली तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ शोधा. ते ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी’वर असेल. ‘पीसीएम’वर आणा. होम थिएटरसाठी बांधून पाठवलेला आवाज साध्या ट्रान्समीटरला उलगडता येत नाही. पीसीएम म्हणजे साधा दोन कानांचा, न बांधलेला आवाज. एकच चॅनल किंवा एकच सिनेमा मुका, बाकी सगळं ठीक, असं झालं तर कारण जवळजवळ नक्की हेच.

ट्रान्समीटरला पडदा नसतो, हेडफोनलाही नसतो. त्यामुळे दोघांना जोडताना यादीतून नाव निवडायची सोय नाही. दोन्ही पेअरिंग मोडमध्ये टाका, हातभर अंतरावर ठेवा आणि मिनिटभर थांबा. दिव्यांचं लुकलुकणं थांबलं की जमलं. या वेळी शेजारच्या खोलीतला ब्लूटूथ स्पीकर चालू नको, ट्रान्समीटर त्यालाच जाऊन मिठी मारायचा.

वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेतली तर टीव्ही बंद होताच ट्रान्समीटरही बंद होतो, हे सोयीचं. टीव्हीची यूएसबी वीज पुरेनाशी झाली आणि आवाज तुटायला लागला तर मोबाइलचा साधा चार्जर लावून बघा.

आवाज तुटण्याचं दुसरं कारण जागा. ब्लूटूथ आणि वाय-फायचा जुना पट्टा दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. टीव्हीच्या मागे ट्रान्समीटर, शेजारी वाय-फायचा राउटर, मध्ये टीव्हीचा पत्रा, आणि ऐकणारा पलीकडे सोफ्यावर, म्हणजे सगळ्या अडचणी एकाच जागी. ट्रान्समीटर वायर वाढवून टीव्हीच्या बाजूला, दिसेल असा, चिकटवा. राउटर दोन हात लांब न्या आणि शक्य असेल तर टीव्हीचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर टाका. फायर स्टिकच्या खोक्यात एचडीएमआयची वीतभर लांबीची वायर येते. ती पडून न ठेवता वापरली की स्टिक टीव्हीच्या पाठीपासून जराशी सुटी होते आणि तिचं ब्लूटूथ सुधारतं.

ओठ आधी, शब्द मागून

जोडणी झाली, आवाजही आला, आणि मग लक्षात येतं की निवेदिकेचे ओठ हलून गेल्यावर शब्द कानात पडतोय. ब्लूटूथची ही जन्मखोड आहे. आवाज आधी आवळून बांधला जातो, हवेतून जातो, हेडफोनमध्ये सोडला जातो आणि वाटेत तुटू नये म्हणून थोडा साठवून ठेवला जातो. सर्व ब्लूटूथ हेडफोनना सक्तीची असलेली ‘एसबीसी’ ही बांधणीची पद्धत वापरली तर या सगळ्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात.

हे जास्त की कमी? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची १९९८ ची एक शिफारस आहे. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं, आणि ९० पुढे किंवा १८५ मागे ही सहन होण्याची हद्द, असं ती सांगते. मागे पडलेला आवाज आपण जास्त चालवून घेतो. निसर्गात तसंच घडतं ना, लांबचा आवाज उशिरा येतो. मैदानात सीमारेषेजवळ, खेळपट्टीपासून सत्तर मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला बॅटचा ठोका चेंडू सुटल्यावर सुमारे २०० मिलिसेकंदांनी ऐकू येतो. तेव्हा क्रिकेट बघताना ब्लूटूथचा उशीर फारसा टोचत नाही. मालिकेत, जिथे कॅमेरा सतत चेहऱ्यावर असतो, तिथे तो सहन होत नाही. तपासायचं असेल तर बातम्यांचा निवेदक किंवा तबल्याची जुगलबंदी लावा, थापेशी हात जुळतोय का बघा.

उपाय काय? पहिली गोष्ट, यूट्यूब किंवा नेटफ्लिक्स टीव्हीच्याच अॅपवर बघत असाल तर कदाचित उशीर जाणवणारच नाही. हेडफोनला किती वेळ लागतोय हे टीव्हीची प्रणाली अॅपला सांगते आणि अॅप तेवढंच चित्र थांबवून धरतं. एचडीएमआयने आलेल्या सेट-टॉप बॉक्सच्या चित्राला बहुतेक टीव्ही असं थांबवत नाहीत. म्हणून ‘नेटफ्लिक्सला ठीक, चॅनलला गडबड’ हे ऐकलं की हेडफोन बदलायला धावू नका.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’, ‘एव्ही सिंक’ किंवा ‘लिप सिंक’ असं काहीतरी असतं. त्याची दिशा समजून घ्या. बहुतेक टीव्हींत ही सोय आवाज आणखी उशिरा सोडण्यासाठी असते, कारण साउंडबार लावल्यावर उलटी अडचण येते, आवाज चित्राच्या आधी पोचतो. आपला आवाज तर आधीच मागे आहे. तो आकडा वाढवलात तर दुखणं वाढेल. शून्यावर आणा. काही टीव्हींत उणे बाजूलाही नेता येतो, तसं असेल तर नशीब. ‘गेम मोड’ चालू असेल तर बंद करा. त्यात चित्र लवकर पोचतं, म्हणजे आवाज आणखीच मागे पडल्यासारखा वाटतो. हेडफोनच्या स्वतःच्या गेमिंग मोडची गोष्ट मात्र उलट. तो हेडफोनमधला साठा कमी करतो, म्हणून चालू करून बघायला हरकत नाही.

ट्रान्समीटर वापरणाऱ्यांसाठी ‘अॅप्टेक्स लो लेटन्सी’ नावाची पद्धत आहे, तिच्यात उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो आणि तो कळतही नाही. अट एकच, ती पद्धत ट्रान्समीटरलाही येत असली पाहिजे आणि हेडफोनलाही. एकाला येत नसेल तर दोघं मुकाट्याने एसबीसीवर येतात आणि ट्रान्समीटरचे जास्तीचे पैसे वाया. नुसतं ‘अॅप्टेक्स’ लिहिलेलं पुरत नाही, ‘लो लेटन्सी’ हे शब्द हवेत. नव्या बड्समध्ये ही पद्धत दुर्मीळ होत चालली आहे, आणि अॅपलच्या एअरपॉड्सना अॅप्टेक्सच येत नाही.

घरातल्या ज्येष्ठांसाठी

माझं मत स्पष्ट आहे. रोज तीन-चार तास टीव्ही बघणाऱ्या आजी-आजोबांसाठी ब्लूटूथच्या भानगडीत पडण्यापेक्षा टीव्हीसाठीच बनवलेले रेडिओ लहरींवरचे हेडफोन घ्यावेत. सेन्हायझरची आरएस मालिका त्यांतली प्रसिद्ध. एक स्टँड टीव्हीशेजारी कायम लावलेला असतो, त्यावर हेडफोन ठेवला की चार्ज होतो, उचलून कानाला लावला की आवाज सुरू. पेअरिंग नाही, मोबाइलशी भांडण नाही, उशीर जाणवण्याइतका नाही, आणि उठून स्वयंपाकघरात गेलं तरी आवाज येत राहतो. महाग पडतात, पण दुपारी एकट्या असलेल्या माणसाला कुणाला तरी फोन करून ‘आता काय दाबू’ विचारावं लागत नाही. इन्फ्रारेडवरचेही काही मिळतात. त्यांना समोरासमोर बसावं लागतं, ते सोडून द्या.

रेडिओ लहरींवरच्या हेडफोनचा स्टँड टीव्हीच्या ऑप्टिकलला लावला तर आणखी एक फायदा. पुष्कळ टीव्हींत ऑप्टिकलमधून जाणारा आवाज रिमोटने कमी-जास्त होत नाही, तो हेडफोनवरूनच ठरतो. म्हणजे घराचा आवाज रिमोटवर आणि आजींचा आवाज आजींच्या हातात. गोल भोकाला वायर लावली तर मात्र बहुतेक टीव्ही आपला स्पीकर बंद करतात. काही मॉडेलांत दोन्ही चालू ठेवायची सोय सेटिंगमध्ये असते, सॅमसंगमध्ये ब्लूटूथ हेडफोनसाठी तशी सोय ‘अॅक्सेसिबिलिटी’खाली ‘मल्टी-आउटपुट ऑडिओ’ नावाने दिलेली दिसेल.

कानात श्रवणयंत्र असेल तर त्यावरून हेडफोन चढवला की पुष्कळदा शिट्टी वाजते. श्रवणयंत्र बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या टीव्हीला लावायची स्वतःची डबी विकतात, तिच्यातून आवाज थेट यंत्रात जातो. ज्या ऑडिओलॉजिस्टकडून यंत्र घेतलं त्यांनाच आधी विचारा, बाजारातली कुठलीही डबी चालत नाही. पुढे हे सोपं होईल अशी चिन्हं आहेत. ब्लूटूथची ‘एलई ऑडिओ’ ही नवी पद्धत २०२० मध्ये जाहीर झाली आणि तिच्यातली ‘ऑराकास्ट’ ही सोय २०२२ मध्ये नावारूपाला आली. तिच्यात एकच टीव्ही कितीही हेडफोनना आणि श्रवणयंत्रांना एकाच वेळी आवाज सोडू शकतो. नवा टीव्ही घेणार असाल तर हा शब्द खोक्यावर शोधा. हेडफोनलाही तीच पद्धत यायला हवी, हे मात्र विसरू नका.

आणि आवाज वर्षभरात पंचविसावरून पस्तिसावर गेला असेल तर हेडफोनच्या आधी कानांची तपासणी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. ठिकठिकाणच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही कान-नाक-घसा विभाग असतो. कधी कधी नुसता मळ साचलेला निघतो.

मुलांच्या बाबतीत काळजी उलटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने मोठ्यांना ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. घरी डेसिबल मोजत बसायचं कारण नाही. हेडफोन घातलेल्या मुलाशी हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोला. त्याला ऐकू आलं नाही तर आवाज जास्त आहे.

कुठला प्रकार घ्यावा? सुट्टे बड्स टीव्हीसाठी मला पटत नाहीत. चार तासांत बॅटरी बसते, एक बड सोफ्याच्या फटीत जातो. पूर्ण कान झाकणारा गुबगुबीत हेडफोन जानेवारीत छान वाटतो, एप्रिलात कान भिजतात, आणि दारावरची बेलही ऐकू येत नाही. घरात एकटं माणूस असेल तर ही गोष्ट लहान नाही. कानावर नुसता टेकणारा हलका हेडफोन किंवा नेकबँड यांतला सुवर्णमध्य. झोप लागली तर नेकबँड गळ्यातच राहतो.

आता शेवटचं काम राहिलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. रात्री मॅच संपली, हेडफोन बंद करून ठेवला, आणि सकाळी आई टीव्ही लावते तर चित्र आहे, आवाज नाही. रिमोटचा आवाज शंभरावर नेला तरी नाही. पुष्कळ टीव्ही हेडफोन सुटताच स्पीकर आपोआप चालू करतात, काही करत नाहीत, ते साउंड आउटपुट हेडफोनवरच धरून बसतात. केबलवाल्याला किंवा मेकॅनिकला फोन जाण्याआधी रिमोटच्या पाठीवर चिकटपट्टीखाली एक चिठ्ठी लावून ठेवा: सेटिंग्ज, साउंड, साउंड आउटपुट, टीव्ही स्पीकर. अक्षर मोठं काढा.